स्मृतीचे थर

चित्रप्रदर्शनास सहकुटुंब गेलेल्या मंडळींच्या तोंडून एक प्रश्न हमखास ऐकूं येतो : "पण हें चित्र आहे तरी कशाचें ?" समोरच्या चौकटींत ना एखादी मूर्ति, ना डोंगरदरी, ना पाण्यास निघालेली स्त्री. एक फाटकें पोतें, त्यावर चारदोन ओबडधोबड टांके, कोठें वर्तमानपत्राचा कपटा, कोठें खरवडलेला चुना, आणि या सर्वांखालून डोकावणारा तांबडा रंग. आजोबा चष्मा सांवरून दोन पावलें मागें सरतात, सूनबाई संकोचानें हंसतात, शाळकरी चिरंजीव मात्र बेधडक म्हणतात, "असलें चित्र तर मीहि काढीन!" या तिन्ही प्रतिक्रिया स्वाभाविक आहेत, त्यांचा उपहास करण्याचें कांहींच कारण नाहीं. परंतु "हें कशाचें चित्र ?" हा प्रश्नच अशा वेळीं आपणांस भलत्या दारीं नेऊन सोडतो. ज्या चित्रांत निरनिराळीं द्रव्यें थरावर थर देऊन बसविलेलीं असतात, त्यांस शोभणारा प्रश्न निराळा आहे : "याच्या खालीं काय आहे ?" हा दुसरा प्रश्न विचारण्याची संवय लागली म्हणजे दुर्बोध भासणाऱ्या या कलेचा आपल्या स्मृतीशीं व भावनांशीं केवढा निकट संबंध आहे, तें हळूहळू ध्यानांत येऊं लागतें.

वस्तुतः निराकाराचें वावडें आपणांस मुळींच नाहीं. सुपारीवर गणपतीचें आवाहन करणारे आणि शाळिग्रामास विष्णु मानणारे आपण लोक; मूर्तीस नाकडोळे असलेच पाहिजेत असा आपला कधीं हट्ट नव्हता. गाण्याच्या बैठकींत मारव्याचा आलाप रंगांत आला असतां "हा आलाप कशाचा ?" असें कोणी शेजाऱ्यास विचारीत नाहीं. त्यांत कथा नसते, बहुधा शब्दहि नसतात. तरी दिवस मावळतांनाची ती अनामिक हुरहूर ऐकणाऱ्याच्या मनांत उभी राहते. ती गवयानें बाहेरून आणून दिलेली नसते. ती श्रोत्याजवळच असते. गवई तिला जागी करतो. सहृदयाच्या अंतःकरणांत रति, शोक, भय इत्यादि स्थायी भाव वासनारूपानें आधींच वसत असतात व काव्यनाट्याच्या योगें ते उद्‌बुद्ध होतात, असें अभिनवगुप्ताचार्यांचें प्रतिपादन आहे. स्वर व शब्द यांविषयीं जें आपण निमूटपणें मान्य करतों, तें रंग, पोत आणि द्रव्य यांविषयीं मान्य करावयास काय हरकत आहे ? ओल्या मातीचा रंग, जुन्या कागदाचा पिंवळेपणा, उसवलेल्या कापडाचे धागे यांच्या अंगींहि वासना जागविण्याचें सामर्थ्य असतें.

स्मृति म्हणजे छायाचित्र नव्हे

तर्कसंग्रहाचा अभ्यास केलेल्या वाचकांस स्मरत असेल कीं, केवळ संस्कारापासून उत्पन्न होणारें ज्ञान ती स्मृति, अशी तेथें व्याख्या केली आहे. म्हणजे स्मृतींत प्रत्यक्ष वस्तु हजर नसते. असतो तो तिचा उमटलेला ठसा. हा ठसा जसाच्या तसा राहतो काय ? केंब्रिज येथील मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनीं १९३२ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या प्रश्नाचा प्रयोगानें विचार केला. उत्तर अमेरिकेंतील मूळ रहिवाशांची एक अपरिचित लोककथा त्यांनीं इंग्रज वाचकांस वाचावयास दिली आणि कांहीं काळाच्या अंतरानें ती पुनःपुनः आठवून लिहावयास सांगितली. प्रत्येक खेपेस कथा आंखूड होत गेली. तिच्यांतील चमत्कारिक भाग गळाले. परक्या वस्तूंच्या जागीं सांगणाऱ्याच्या परिचयाच्या वस्तू येऊन बसल्या. बार्टलेट यांचा निष्कर्ष असा कीं, आठवणें म्हणजे कोठींत जपून ठेवलेली वस्तु बाहेर काढणें नव्हे. उरलेल्या खुणांवरून ती दरवेळीं नव्यानें रचणें होय.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस हें पटण्यास प्रयोगशाळेची जरुरी नाहीं. थोरल्या काकांच्या मुंजीची हकीगत आजी एक सांगते, आत्याबाई दुसरीच सांगतात, आणि दोघीहि आपापल्या परी खरेंच बोलत असतात. मूळ प्रसंगावर सांगणारीच्या पुढील आयुष्याचे थर चढलेले असतात. मध्यंतरीं झालेले लग्नसोहळे, रुसवेफुगवे, मृत्यु हे सारे त्या एका हकीगतींत झिरपलेले असतात. मग अशा स्मृतीचें चित्र काढूं पाहणाऱ्या कलावंतानें काय करावें ? मुंजीचें हुबेहुब चित्र काढलें तर मुंज साधेल, मुंजीची आठवण साधणार नाहीं. आठवणीचें खरें रूप अर्धवट झांकलेलें, कोठें पुसट, कोठें अकारण ठळक, एकावर एक चढलेलें असें असतें. थरांची चित्रपद्धति स्मृतीस इतकी अनुरूप ठरली ती यामुळेंच.

चौकटींत शिरलेली चिंधी

१९१२ सालीं पाब्लो पिकासो यानें वेताच्या विणीचा छाप असलेलें मेणकापड एका लंबवर्तुळाकृति चित्रांत चिकटविलें व चित्राभोंवतीं चौकटीऐवजीं दोर गुंडाळला. त्याच वर्षीं त्याचा मित्र जॉर्ज ब्राक यानें लांकडाच्या रेषांची नक्कल छापलेला भिंतीचा कागद कापून कोळशाच्या रेखाचित्रांत बसविला. वरवर पाहतां ही गंमत वाटते. पण तिनें एक जुनी भिंत पाडली. तोंवर चित्रांत वस्तूचा भास असे. आतां खुद्द वस्तूच चित्रांत येऊन बसली. आणि वस्तूबरोबर तिचा पूर्वेतिहासहि आला. नळींतून नुकत्याच निघालेल्या रंगास भूतकाळ नसतो. ट्रामच्या तिकिटास तो असतो.

या चित्रांची घडण समजून घेणें कठीण नाहीं. लांकडी फळी किंवा ताणलेलें कापड घेऊन त्यावर कागद, कापड, वाळू, दोरा असें कांहींतरी चिकटवावयाचें. त्यावर गिलाव्यासारखा दाट थर द्यावयाचा. तो वाळला म्हणजे पातळ रंगाचा हात फिरवावयाचा. रंग ओला असतांना कोठें पुसावयाचा, वाळल्यावर कोठें खरवडावयाचा. आणि पुन्हां नवा थर. पातळ थरांतून खालचें दिसत राहतें, दाट थराखालीं तें बुडतें, आणि खरवडलें म्हणजे बुडालेलें पुन्हां वर येतें. विसरणें, आठवणें आणि अचानक आठवणें या मनाच्या तिन्ही क्रिया येथें हातानें घडतात. शिवाय द्रव्यांसहि स्वतःचें आयुष्य असतें. वर्तमानपत्राचा कागद लांकडाच्या लगद्याचा असल्यामुळें त्यांतील लिग्निन नांवाचें द्रव्य प्रकाशानें व हवेनें बदलतें आणि कागद पिंवळा पडतो. चित्रकारानें हात काढून घेतल्यावरहि चित्र असें वृद्ध होतच राहतें.

श्विटर्सचें बुडालेलें घर

तुकड्यांची ही कला ज्यानें जन्मभर एकनिष्ठेनें उपासिली तो कुर्ट श्विटर्स १८८७ सालीं जर्मनींत हॅनोव्हर येथें जन्मला. पहिल्या महायुद्धानें सारें जीवन मोडून पडलें आहे, तेव्हां नवें कांहीं घडवावयाचें तर तें तुकड्यांतूनच घडवावें लागेल, अशी त्याची धारणा होती. रस्त्यांत पडलेलीं तिकिटें, पाकिटांचे कागद, चिंध्या, तारा, लांकडाच्या ढलप्या तो गोळा करी. १९१९ च्या सुमाराच्या एका चित्रांत एका बँकेच्या छापील नांवांतील 'मेर्त्स' एवढींच अक्षरें शिल्लक राहिलीं होतीं. या निरर्थक शब्दासच त्यानें आपल्या साऱ्या कलेचें नांव करून टाकलें.

पुढें हॅनोव्हरमधील राहत्या घराच्या आंतच त्यानें एक विलक्षण रचना उभारण्यास प्रारंभ केला. खांब, कोनाडे, गुहा अशी ती वाढत वाढत अनेक दालनांत पसरली. मित्रांच्या आठवणीच्या वस्तू तो त्या कोनाड्यांत ठेवी. आणि रचना वाढत चालली म्हणजे जुने कोनाडे नव्या गिलाव्याखालीं आणि लांकडी पृष्ठांखालीं बुजून जात. वरून पाहणाऱ्यास पांढरे कोनदार आकार दिसत. त्यांच्या पोटांत मैत्रीचे अवशेष मुरलेले असत. तो हें काम वर्षानुवर्षें करीत राहिला.

१९३७ च्या जानेवारींत नाझी राजवटीच्या भयानें श्विटर्स नॉर्वेस निघून गेला. त्याच वर्षीं म्यूनिच येथें 'भ्रष्ट कला' म्हणून ज्या चित्रांची राज्यकर्त्यांनीं विटंबना मांडली त्यांत त्याचींहि चित्रें होतीं. पत्नी हेल्मा हॅनोव्हरांतच राहिली. १९४० मध्यें जर्मन फौजा नॉर्वेंत शिरल्या, तेव्हां तो ब्रिटनला पळाला. तेथें शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्यास आइल ऑफ मॅन बेटावरील छावणींत डांबण्यांत आलें. छावणींत त्यानें उरलेल्या लापशीच्याहि मूर्ति केल्या ! १९४३ सालीं बाँबहल्ल्यांत हॅनोव्हरचें घर त्या रचनेसह नष्ट झालें. १९४४ सालीं हेल्मा कर्करोगानें वारली. एवढें सारें गेल्यावर साठीच्या उंबरठ्यावरील या माणसानें इंग्लंडच्या सरोवरप्रदेशांत, १९४७ सालीं, एका दगडी कोठाराच्या भिंतीवर पुन्हां गिलावा, काटक्या आणि दगड यांचे थर चढविण्यास सुरुवात केली. जानेवारी १९४८ मध्यें तो निवर्तला; काम अपुरेंच राहिलें. १९६५ सालीं ती सबंध भिंत हलवून न्यूकॅसल येथील कलादालनांत नेण्यांत आली. त्या भिंतीपुढें "हें कशाचें चित्र ?" असें विचारल्यास उत्तर मिळणार नाहीं. "याच्या खालीं काय आहे ?" असें विचारल्यास एक घर, एक नगर आणि एक संसार यांचें उत्तर मिळतें.

डॉक्टरांचे टांके

इटलींतील आल्बेर्तो बुर्री (जन्म १९१५) हा शिक्षणानें डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धांत तो लष्करी वैद्य म्हणून आफ्रिकेंत गेला; १९४३ सालीं ट्युनिशियांत पकडला गेला आणि अमेरिकेंत टेक्सासमधील हेरफर्डच्या छावणींत युद्धकैदी म्हणून राहिला. तेथेंच त्यानें चित्रें काढावयास घेतलीं. १९४६ सालीं स्वदेशीं परतल्यावर त्यानें वैद्यकी कायमची सोडली. लौकरच त्याचीं तीं प्रसिद्ध पोत्यांचीं चित्रें दिसूं लागलीं : विटकें, भोंकें पडलेलें गोणपाट, ठिगळास ठिगळ जोडणारे जाड टांके, भोंकांतून दिसणारा तांबडा किंवा काळा थर. पाहणारांस त्यांत जखमा, मलमपट्ट्या आणि शस्त्रक्रियेचे टांके दिसले. बुर्री यानें मात्र असा अर्थ सांगण्यास सदैव नकार दिला. रूप आणि अवकाश यांचा तोल एवढेंच आपलें काम, अशी त्याची भूमिका होती. त्याचा नकार अगदींच अनाठायीं नव्हता. दुःखाचें नांव घेतलें कीं पाहणारा हळहळून मोकळा होतो. नांव घेतलें नाहीं, तर त्याला आपल्याच एखाद्या दुःखापाशीं थांबावें लागतें.

येथें भगिनीवर्गास गोधडीची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. आजेसासूबाईंचें विरलेलें लुगडें, मामंजींचें धोतर, बाळाचें आंगडें असे एकावर एक घालून धांवदोरा घातला म्हणजे गोधडी होते. पाहुण्यास तिचे रंग तेवढे दिसतात. घरच्यांस प्रत्येक ठिगळाचें गोत्र ठाऊक असतें. आणि मधले थर तर शिवणारीवांचून कोणासहि दिसत नाहींत, तरी ऊब त्यांचीच असते. बुर्रीचें पोतें आणि आपली गोधडी यांचा ऐतिहासिक संबंध कांहीं नाहीं, आणि दोहोंचा हेतूहि एक नव्हे. परंतु जिच्या हातून गोधडी शिवली गेली आहे तिला तें पोतें परकें वाटण्याचें कारण नाहीं.

बुर्रीचें सर्वांत मोठें थरचित्र भिंतीवर टांगलेलें नाहीं. तें सिसिली बेटावर डोंगराच्या उतारावर पसरलें आहे. १९६८ च्या जानेवारींत बेलिचे खोऱ्यांत झालेल्या भूकंपानें जिबेल्लिना हें गांव जमीनदोस्त झालें. गांवकऱ्यांसाठीं दूर नवें गांव वसविण्यांत आलें व त्यासाठीं कलावंतांस पाचारण झालें, तेव्हां बुर्रीनें नव्या गांवाऐवजीं जुने भग्नावशेषच निवडले. ढिगारे एकत्र दाबून त्यांवर त्यानें पांढऱ्या काँक्रीटचें आच्छादन घातलें : सुमारें ८०,००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ वीस एकर. माणसाच्या खांद्याइतक्या उंचीच्या ठोकळ्यांमधून ज्या भेगा धांवतात त्या बऱ्याच अंशीं जुन्या गल्ल्यांच्या वाटेनें जातात. १९८५ ते १९८९ या काळांत झालेलें हें काम अपुरें राहिलें होतें. बुर्री १९९५ सालीं वारला आणि त्याच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, २०१५ सालीं, तें पुरें झालें. वाळत्या चिखलासारख्या भेगांचीं चित्रें तो त्यापूर्वींपासून करीत होता. दाट लेपाचा पृष्ठभाग आधीं वाळून आकसतो आणि तडकतो, एवढ्याच निसर्गनियमावर तीं आधारलेलीं असत. येथें त्या भेगांतून मनुष्य चालत जाऊं शकतो.

लोकांचीं घरें काँक्रीटखालीं पुरणें ही स्मृति कीं विस्मृति, असा आक्षेप येथें घेतां येईल, आणि तो हलका नव्हे. परंतु आपल्या श्राद्धविधीचा विचार करावा. भाताच्या पिंडास ना चेहरा, ना हातपाय. गेलेल्या माणसाची प्रतिकृति म्हणून तो कोणी करीत नाहीं. शोकाला एक स्थळ, एक आकार आणि एक तिथि मिळावी एवढ्यासाठीं तो असतो. जिबेल्लिनाचें तें पांढरें आवरण घरें परत देत नाहीं. पण घरें येथें होतीं हें विसरूंहि देत नाहीं.

गायतोंड्यांचा संथ रंग

केवळ रंगाच्या थरांतून हें कितपत साधतें, याचें उदाहरण आपल्या घरचेंच आहे. वासुदेव गायतोंडे यांचा जन्म १९२४ सालीं नागपुरांत, गोमंतकीय कुटुंबांत झाला, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंतून ते १९४८ सालीं पदविका घेऊन बाहेर पडले. पुढें दिल्लीस स्थायिक होऊन २००१ सालीं निवर्तले. आपल्या चित्रांस 'अमूर्त' म्हटलेलें त्यांस रुचत नसे. 'वस्तुनिरपेक्ष' हा शब्द ते पसंत करीत. रमण महर्षि व निसर्गदत्त महाराज यांच्या विचारांची त्यांस ओढ होती. रूळ आणि रंगाची सुरी यांनीं ते रंगाचे थर देत, काढीत, पुन्हां देत. कागदाचे कपटे रंगावर ठेवून उचलून घेत, म्हणजे कपटा जाई आणि त्याची खूण तेवढी उरे. वर्षाकाठीं त्यांच्या हातून मोजकींच चित्रें पुरीं होत. बाकीचा काळ पाहण्यांत आणि वाट पाहण्यांत जाई. १९७१ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली आणि २०१४-१५ मध्यें न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयानें त्यांच्या चित्रांचें मोठें प्रदर्शन भरविलें. श्विटर्सच्या चित्रांत वस्तु उरते; गायतोंड्यांच्या चित्रांत वस्तु गेल्यावर उरलेला तिचा स्पर्श तेवढा असतो. एकांत स्मृतीचें द्रव्य आहे, दुसऱ्यांत स्मृतीचा नुसता प्रकाश.

खरें कोणतें आणि नकली कोणतें ?

आतां चिरंजीवांच्या आक्षेपाकडे वळूं. "असें मीहि करीन" या म्हणण्यांत तथ्य आहे; कारण या नांवाखालीं खपणारी पुष्कळ चित्रें खरोखरीच कोणीहि करूं शकेल अशीं असतात. जुनें पत्र, गंजलेली किल्ली, पोस्टाचें तिकीट हें सारें डकवून वर तपकिरी रंग फांसला कीं 'स्मृतिचित्र' तयार, असा एक सोपा धंदा झाला आहे. परंतु जुनी वस्तु चिकटविली म्हणजे आठवण चिकटली असें होत नाहीं. उसनी हुरहूर ही साखरेच्या पाकासारखी, पहिल्या घासास गोड आणि नंतर नकोशी. खऱ्या चित्राची एक परीक्षा अशी करावी : वरच्या थराचा खालच्या थराशीं कांहीं झगडा आहे काय ? कांहीं झांकण्याची चित्रकारास खरोखर जरुरी होती काय ? आणि त्यांतील एखादा तुकडा मनानें उचलून पाहिला तर बाकीचें चित्र कोसळतें काय ? तिन्ही उत्तरें होकारार्थी आलीं तर तेथें थोडा वेळ उभें राहावें. चित्रापासून दूर उभें राहून एकदां पाहावें, जवळ जाऊन एकदां पाहावें, आणि नांवाची पाटी शेवटीं वाचावी.

ज्यांस हें स्वतः करून पाहण्याची हौस असेल त्यांस घरांत सामग्रीची वाण नाहीं. जुनें घर पाडण्याचे किंवा वाटणीचे प्रसंग आतां घरोघर येतात आणि त्या गडबडींत किती तरी गोष्टी रद्दींत जातात : लग्नपत्रिका, पंचांगाचीं पानें, लुगड्याचे कांठ, वाण्याच्या हिशेबाची वही. यांतील ज्या वस्तूंची दुसरी प्रत आहे किंवा ज्या जीर्ण होऊन निरुपयोगी झाल्या आहेत तेवढ्याच घ्याव्या. मूळ पत्रें, पोथ्या आणि छायाचित्रें यांस कात्री लावूं नये, त्यांच्या नकला वापराव्या. एक फळी, गव्हाच्या पिठाची खळ, थोडा खडू आणि दोनतीन रंग एवढें पुरे. मुलांनीं चिकटवावें, आजीनें तो तुकडा कोठला तें सांगावें, आणि एक नियम सर्वांनीं पाळावा : प्रत्येकानें आपल्या आवडीचा निदान एक तुकडा पुढच्या थराखालीं झांकला जाऊं द्यावा. हें थोडें जड जाईल. पण खालीं आहे म्हणून ठाऊक असणें आणि दिसत नसतांना ठाऊक असणें, यांतच त्या चित्राचा घरापुरता अर्थ सांठविलेला राहील. आणि पुढें केव्हां तरी वरचा रंग एखाद्या कोंपऱ्यांत उडाला, तर तेथून काय डोकावेल हें त्या वेळच्या मुलांस कोणी तरी सांगावयास हवें.